रजिस्टर नंबर एक

मॅडमनी सांगितलंय, शाळेचा इतिहास एका पानात बसवा.
स्मरणिकेला जाहिरातीच जास्त आल्यात :
दोन पतसंस्था, एक दूध डेअरी,
आणि सेलमला गलाई करणारे आपले माजी विद्यार्थी,
ज्यांनी कमान बांधून दिली.

मी लिहायला घेतो.
स्थापना : जून एकोणीसशे एकसष्ट, हिवरखिंड, तालुका खानापूर.
जागा : गावची तालीम.
पैलवान उठून गेले की
त्याच तांबड्या मातीवर पोती अंथरून आठवी बसायची.
त्या सालची वही कुणी जपली असेल तर
तिला अजून तेलाचा वास येत असेल.
पहिले हेडमास्तर गुंडोपंत साठे.
विट्याहून सायकलवर यायचे, चढाला सायकल हातात.
घंटा : ट्रकच्या पाट्याचा तुकडा. आजही तोच.
मधे इलेक्ट्रिक बेल आणली होती,
पण त्या वेळेला लाईट असायला हवी ना.

जनरल रजिस्टर मात्र पहिल्या दिवसापासूनचं आहे.
माझ्या आधी मुलाणी भाऊसाहेब सांभाळायचे,
पानापानात कडुलिंबाचा पाला घालून.
निम्मा गाव एक जूनला जन्मलेला.
वर्तणूक सगळ्यांची चांगली,
ज्यानं प्रयोगशाळेतला पारा पळवला त्याचीसुद्धा.
आणि शेवटून दुसरा रकाना, शाळा सोडल्याचे कारण :
गलाईस गेला. गलाईस गेला. लग्न.
वडिलांची बदली. गलाईस गेला. मयत.
उत्तीर्ण हा शब्द पहिल्या दहा पानांत
शोधावा लागतो.

परवा गुरुवारी एक म्हातारी आली.
निराधारच्या फॉर्मला वयाचा दाखला पायजे म्हणाली.
नाव? बायना रामू ऐवळे.
साल? दुष्काळाचं.
सापडली. नंबर चारशे बारा.
मी रकाने मोठ्यानं वाचत गेलो,
तिला वाचता येत होतं तरी.
कारण : सतत गैरहजर.

"म्या कुठं गैरहजर हुते?
हितंच तर हुते की."

तिनं खिडकीतून बोट दाखवलं.
आता सायकल स्टँड आहे तिथं
बहात्तर साली खडी फोडायचं काम होतं.
दगड निसटू नये म्हणून भोवती ट्यूबची रिंग,
बोटं वाचली तर वाचली.
पाटी मोजून पैसे. दुपारी सुकडी.
"वर्गात माझा नंबर सव्वीस.
हजेरी हिकडं ऐकू यायची.
सव्विसाला मास्तर जरा थांबायचं.
म्या हितनं म्हणायची, हजर."
मग हसली. "हळूच वो. मुकादम हुता ना."

ती गेल्यावर मी ठरावाचं बुक काढलं.
चौऱ्याहत्तर, ठराव नंबर सात :
कामावरची शिल्लक खडी
पंचायतीने शाळेस विनामूल्य द्यावी. सर्वानुमते.
म्हणजे पाच खोल्यांचा कोबा, आणि पुढचा व्हरांडा,
जिथं ती चप्पल काढून आत आली होती.

नोंदीत खाडाखोड करायची तर
शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते.
दाखल्यावर जसंच्या तसं उतरवलं होतं मी.
सही, गोल शिक्का, वीस रुपये पावती.
दारात थांबून तिनं विचारलं होतं,
"आन् वर्तणूक?"
चांगली, म्हटलं.
"मग ऱ्हाऊ द्या."

तर, एक पान.
इमारत : पाच खोल्या, दगडी, वर पत्रा.
पटसंख्या : एकशे अडतीस, दरसाल घटती.
निकाल : यंदा ब्याण्णव टक्के.
त्याखाली पेन्सिलनं, पुसता येईल असं :
कोब्यातली खडी, काही पाट्या, पटावरील नंबर चारशे बारा.

मॅडमनी वाचलं. चष्मा कपाळावर सरकवला.
"भाऊसाहेब, हे कुठल्या मथळ्याखाली घ्यायचं?"
छापखान्याचा माणूस उद्या येणार आहे.
मला अजून ठरवता आलेलं नाही.